मासोळी धरणारी कातीण बघायला, अर्जुनीकडे

परवा एका वाचकाने इथे विचारलं, "आजी, गोंदियाकडचे तलाव बघायचे आहेत. कधी आणि कसं जावं?" कधी जावं ते सांगते. दसरा आणि दिवाळीच्या मधे जा. तलाव तुडुंब असतात, धान पोटरीतून बाहेर पडलेलं असतं आणि ऊन अजून सोसवतं. कसं जावं ते मात्र तुमचं तुम्ही बघा, कारण मी गेले ती अठ्ठावन्न साली. तेव्हा गोंदिया जिल्हासुद्धा नव्हता, सगळा मुलूख भंडाऱ्यात मोडायचा, आणि ज्या छोट्या गाडीने मी गेले ती लाइन केव्हाच मोठी झाली. शिवाय मी काही फिरायला गेले नव्हते. मी एक खोटं खरं करायला गेले होते.

झालं असं. मी नागपूरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. प्रबंधाचा विषय होता पाणथळ जागी राहणारे कोळी. त्यात एक परिच्छेद असा झकास उतरला होता की वर्गातल्या मैत्रिणींनी तो दोनदा वाचून घेतला. तलावाच्या काठावर एक कोळी असतो, तो पुढच्या पायांनी पाण्यावर टिचक्या मारतो, पाण्यात किडा पडला असं वाटून मासोळी वर येते, आणि हा तिच्यावर वरून झेप घालतो. शेवटी मी ठसक्यात लिहिलं होतं, 'हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.'

पाहिलं होतं कपाळ! गोंदियाला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून असलेल्या माझ्या नानामामाने पत्रातून कळवलं होतं ते सगळं.

आमचे सर फार बोलत नसत. त्यांनी ते पान वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हे स्वतः पाहिलंत?"

"हो सर," मी म्हणाले. खोटं बोलावं पण रेटून, तसं.

"उत्तम. मग तारीख, वेळ, जागा तयार ठेवा. बाहेरचे परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतील."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. प्रबंध द्यायचा होता दिवाळीनंतर लगेच. हाताशी तीन आठवडे. मी घरी सांगितलं, सुट्टीत मामाकडे जाते. तेवढं तरी खरं होतं.

पहिला दिवस नागपूर ते गोंदिया. सकाळची पॅसेंजर, बायकांचा डबा. तिकीट किती होतं ते आठवत नाही, पण आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भंडारा रोड यायच्या आधीच संपली हे पक्कं आठवतं, कारण समोरच्या बाईंची तीन पोरं माझ्या डब्याकडे टक लावून बसली होती. वैनगंगेचा पूल ओलांडला की शेतांचा चेहरा बदलतो. ज्वारी-कपाशी मागे पडते आणि धानाच्या चौकोनी बांध्या सुरू होतात. आमच्याकडे ज्याला वाफा म्हणतील ती इकडची बांधी. चारी बाजूंनी मातीचा धुरा, आत पाणी, पाण्यात धान. खिडकीतून तासभर दुसरं काही दिसत नाही आणि कंटाळाही येत नाही.

गोंदिया स्टेशनात उतरलात की मराठी खिशात घालून ठेवा. "बाजू हटो, सामान जाने दो!" असं म्हणत हमालांनी मला दोनदा बाजूला केलं. मामा फलाटावरच होता. सायकलरिक्षात बसल्या बसल्या मी विषय काढला.

"मामा, तो मासे धरणारा कोळी तुम्ही कुठे पाहिलात?"

"पाहिला म्हणजे..." मामाने टोपी सारखी केली. "अगं, आमच्या धक्क्यावरचा मुकादम सांगत होता."

"त्याने पाहिला?"

"त्याच्या साळ्याने. बडा भरवशाचा आदमी आहे."

मला तिथेच रडू कोसळायचं बाकी होतं. सांगोवांगी गोष्ट तीन तोंडांतून फिरत माझ्या प्रबंधात येऊन बसली होती, आणि खाली माझी सही! मामाला सगळं सांगितलं. माणूस चांगला. त्याने दुसऱ्या दिवसापासून चार दिवसांची रजा टाकली. म्हणाला, अर्जुनीकडचा एक सोमाजी म्हणून शेतकरी धान घेऊन धक्क्यावर येतो, त्याचं घर तलावापाशीच आहे, तिथे जाऊ.

दुसरा दिवस छोट्या गाडीचा. एक सूचना आजच्या लोकांनाही उपयोगी पडेल. अर्जुनी दोन आहेत. सडक अर्जुनी रायपूरच्या रस्त्यावर आहे, तिथे ट्रक थांबतात. तुम्हाला जायचंय ते मोरगावजवळचं अर्जुनी, रेल्वेवरचं. ही छोटी गाडी इतकी सावकाश जायची की मामा मधल्या एका स्टेशनावर उतरून चहा पिऊन, कपबशी परत देऊन, चालत येऊन पुन्हा डब्यात चढला. दोन्ही बाजूंना जंगल, मधेच अचानक तलाव, पुन्हा जंगल. मामाने आदल्या संध्याकाळीच रेल्वेच्या तारेने निरोप पोचवला होता, म्हणून अर्जुनीला सोमाजींची बंडी आली होती. प्रतापगडाचा (साताऱ्याचा नव्हे, इकडच्या) डोंगर एका हाताला ठेवत दोन तास बैलांच्या मागे. रस्ता म्हणाल तर चाकोरी. माझी हाडं खिळखिळी झाली आणि मामा झोपला.

सोमाजी पन्नाशीचे, कोहळी घरातले. तलाव बांधणाऱ्यांची ही जात, त्यांच्या कुठल्या खापरपणज्याने तो गावतलाव बांधला म्हणे. सोमाजी गावाचे पाणकर होते. तलावाचं पाणी कुणाच्या बांधीला कधी आणि किती जायचं, हे बघणारा माणूस. त्यांच्या बायकोने, कौसल्याबाईंनी, पाय धुवायला पाणी दिलं आणि केळीच्या पानावर भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि कोचईच्या पानांच्या वड्या वाढल्या. कोचई म्हणजे आपलं अळू. एवढ्या वड्या मी उभ्या जन्मात खाल्ल्या नव्हत्या.

"काऊन आल्या बाई एवढ्या दूर?" सोमाजींनी विचारलं.

"कोळी बघायला. कातीण."

"कातीण पाहाले? नागपुरात कातिणी नाई का?"

"आहेत. पण त्या मासे धरत नाहीत."

"इथं धरते. तुडुमापाशी बसून राह्यते, मी रोज पाह्यतो."

मला हर्ष झाला! मी घाईने विचारलं, "पाण्यावर टिचक्या मारते ना? पुढच्या पायांनी?"

सोमाजींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बैल दूध देतो का विचारलं. "टिचक्या? कायले मारन? चूप बसते."

मी मनात म्हटलं, यांनी नीट बघितलं नसेल. अडाणी माणूस, कुठे एवढं बारकाईने बघणार? हे असं मी म्हटलं, हे आज लिहितानासुद्धा कानशिलं तापतात.

तिसरा दिवस सगळा फुकट गेला, आणि तो माझ्याच शहाणपणाने. तलावाची पाळ म्हणजे मातीचा बांध, चांगला दोन पुरुष उंच. पाळीच्या पोटात तुडूम. पाणी पाटात सोडायची ती जागा. दगडांच्या पायऱ्या पाण्यात उतरत जातात, पायरीपायरीला भोक, भोकात लाकडाचा खुंटा ठोकलेला. खुंटा काढला की पाणी पाळीखालून पाटात. त्या पायऱ्यांवर मला माझी कातीण सापडली. केवढी मोठी! पाय पसरले तर माझ्या तळहाताएवढी, तपकिरी, दोन्ही अंगांना पांढरी कड. तोंडात राखाडी गोळी धरलेली. मी वहीत लिहिलं, 'मादी, अंड्यांच्या पिशवीसह,' छत्री उघडली आणि बसले.

सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत बसले. तिने काही केलं नाही. मासोळ्या तिच्या पायांखालून गेल्या, ती हलली नाही. मी एकदा जरा पुढे वाकले तर दगडाला धरून सरळ पाण्याखाली उतरली, आणि अंगावर हवेचा थर असल्याने चांदीसारखी चकाकत तिथेच बसून राहिली. ते मात्र बघण्यासारखं होतं. मामा पाळीवरच्या मोहाच्या सावलीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरत होता.

तीन वाजता सोमाजी तुडुमाकडे आले. "काई केलं का तिनं?"

"नाही हो. सकाळपासून उपाशी आहे, तरी शिकार करत नाही."

"तिच्या तोंडात पोरं हायेत बाई. पोरं सोडून मासोळी कशी धरन? ते बाजूची पाहा, बारकी. ते भुकेली हाये."

शरमेने मी मेले! अंड्यांची गोळी तोंडात धरलेली मादी सहसा खात नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही असतं. पण आम्हा प्राणिशास्त्रवाल्यांना खोड असते, सगळ्यांत मोठा आणि देखणा नमुना दिसला की बाकीचं दिसत नाही. आणि खरोखरच दोन पायऱ्या खाली, गवताच्या काडीआड, नखाएवढ्या अंगाची एक बारकी कातीण बसली होती. मी तिच्यापुढे बूड टेकतेय तोच सोमाजींनी खुंटा काढला.

जड धानाला, म्हणजे उशिरा पिकणाऱ्याला, शेवटचं पाणी द्यायचं होतं. तुडुमापाशी पाणी हलायला लागलं, भोवरे फिरायला लागले, आणि बारकी कातीण चटकन वर चढून दगडाच्या फटीत गेली.

"आता नाई बसत ते," सोमाजी म्हणाले. "पानी हालते तं तिले काई समजत नाई. तुडूम बंद झाला का येईन खाली."

"आणि तो कधी बंद होणार?"

"टोकाच्या बांधीले पानी पोचलं का."

चौथा दिवस. शेवटचा, कारण पाचव्या दिवशी पहाटे बंडीने निघून गाडी धरायची होती आणि मामाची रजा संपत होती. पाणी चालूच. एकामागून एक बांधी भरत होती. मी पायरीवर, कातीण फटीत. बारा वाजले, एक, दोन. परीक्षक माझ्यापुढे बोट रोखून उभे आहेत असं मला दिसायला लागलं.

तीनच्या सुमाराला शेतांकडून हाक आली. एकाने दिली, दुसऱ्याने झेलली, तिसऱ्याने पुढे केली. "पोचलंऽऽ!"

मी ताडकन उठले. "सोमाजी, पोचलं! करा बंद!"

सोमाजींनी काठी घेतली आणि शेतांच्या दिशेने चालायला लागले.

"अहो, कुठे चाललात? पोचलं म्हणतायत ना ते!"

"म्हनून राह्यले. पाहून येतो."

"पण इतके लोक सांगतायत—"

"पाय टाकल्याबिगर मी खुंटा नाई मारत बाई. माह्या बापानंही नाई मारला."

पाणकराची ती रीत होती. टोकाच्या बांधीत स्वतःचा पाय घालायचा, पाणी घोट्याला लागलं तरच मागे फिरायचं आणि तुडूम लावायचा. मी जळफळत त्यांच्या मागे निघाले. वाटलं होतं, सोबत गेलं की ते भराभर चालतील. ते त्यांच्याच चालीने चालले. धुऱ्यावरून मी दोनदा घसरले, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलं.

टोकापासून दुसरी बांधी काठोकाठ भरली होती. टोकाची कोरडी होती. भेगा पडल्या होत्या. धुऱ्यावर एक म्हातारी बसून दोन्ही हात हलवत होती. तिची शेती ती. तिचा आवाज शेजारच्या बांधीपलीकडे जात नव्हता. भरलेल्या बांधीच्या नाल्याकडच्या धुऱ्याला खेकड्याने बीळ पाडलं होतं आणि सगळं पाणी तिथून नाल्यात चाललं होतं.

सोमाजींनी बिळात ढेकळं घातली, टाचेने चेपली, वरून चिखल थापला. पाणी वळलं. मग आम्ही उभे राहिलो. घोट्यापर्यंत यायला बराच वेळ लागला.

"म्हणजे ज्याने पहिली हाक दिली तो खोटं बोलला," मी म्हणाले.

"खोटं नाई. त्याच्या बांधीत भरलं होतं, त्याले वाटलं पुढंही गेलं असन."

"मग बोलणार नाही तुम्ही त्याला?"

"त्याले कायले? पाणकर मी हावो. त्याच्या तोंडावर भरवसा ठिऊन खुंटा मारला असता तं चूक माही." त्यांनी पाय बाहेर काढला, बघितला. "धान मरते बाई, तोंड नाई मरत."

म्हातारी मला म्हणाली, "पोरी, पाय धुऊन घे." मला रडू आलं. ती समजली असेल चिखलाने आलं. मला लाज वाटत होती, निव्वळ लाज. या माणसाने एका कोरड्या बांधीसाठी अर्धा कोस पायपीट केली होती, आणि मी नागपुरात बसून मामाच्या मुकादमाच्या साळ्याच्या डोळ्यांनी 'प्रत्यक्ष पाहिले' होते. वर यांना अडाणी म्हटलं होतं.

परत आलो तेव्हा सूर्य मावळायला तासभर उरला असेल. सोमाजींनी खुंटा ठोकला. पाणी हळूहळू निवलं. बारकी कातीण फटीतून बाहेर आली.

आता तिने काय केलं ते नीट सांगते, कारण एवढ्यासाठीच हे सगळं. मागच्या पायांनी तिने दगड पकडला. पुढचे पाय पाण्यावर पसरून ठेवले. पाय बुडाले नाहीत. प्रत्येक पायाखाली पाण्याला एक बारीक खळगी पडली, गादीवर बोट टेकल्यासारखी. टिचकी नाही, हालचाल नाही. पाण्याचा पृष्ठभाग हेच तिचं जाळं. वाऱ्याने तरंग आला, ती गप्प. झाडाचं पान पडलं, गप्प. अर्धा तास गेला. मग बोटाच्या पेराहून लहान एक मासोळी खालून आली आणि तिचा एका पायाला धक्का लागला. कातिणीने झेप घेतली नाही. पसरलेले पाय मुठीसारखे मिटले, तोंड पाण्याखाली गेलं, डोक्यामागे दंश. मासोळी तडफडली, कातीण तिच्यासकट हेलकावली, पण मागच्या पायांनी दगड सोडला नाही. मग मागे सरकत, ओढत, तिने शिकार कोरड्यावर आणली. तेही सकारण. कोळी भक्ष्यावर पाचकरस सोडून ते पातळ करून पितो, पाण्यात तो रस वाहून गेला असता.

"पकडली! अगं पकडली की!" मागून मामा ओरडला. मोहाखालून तो केव्हा उठून आला होता मला कळलं नाही. मी वहीत वेळ लिहिली. वेळेखाली तारीख आणि जागा लिहिली. नमुन्यासाठी दुसरी एक धरून स्पिरिटात घातली, हिला पोटभर जेवू दिलं.

पाचव्या दिवशी परतीच्या गाडीत मामा खुशीत. "आता काय, पाहिलंस ना? मामला खतम. ते टिचक्यांचं वाक्य गुपचूप बदल, अन् तारीख महिनाभर मागची टाक. कोण बघतंय?"

खरं सांगते, मी तो विचार गोंदिया येईपर्यंत केला. सहज जमलं असतं. सरांना कधीच कळलं नसतं.

सोमवारी सरांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. पत्र, साळा, 'हो सर', सगळं. मग वही उघडून खरी तारीख आणि खरी शिकार दाखवली. मला वाटलं होतं, रागावतील आणि मग शाबासकी देतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. वही वाचली, मिटली, प्रबंधाचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि वर लाल पेन्सिल ठेवली.

"अशी बाकीची वाक्यं कोणती?"

मी पेन्सिल उचलली. तशी वाक्यं आणखी होती. काही मैत्रिणींनी सांगितलेली, कितीतरी पुस्तकातली माझ्या नावावर खपवलेली, आणि त्याहून जास्त 'असं असणारच' म्हणून लिहिलेली. प्रयोगशाळेच्या बाकावर बसून मी ती एकेक करून खोडली. दोन दिवस लागले. शेवटी गठ्ठ्यातली पानंच्या पानं लाल झाली. दिवाळी उलटली, प्रबंधाची मुदत गेली, वर्ष गेलं.

घरी बाबा कडाडले, "एका किड्यापायी वर्ष घालवलंस!"

"कोळी किडा नसतो बाबा, त्याला आठ पाय असतात," मी म्हणाले, आणि आईने मला डोळ्यांनी दटावलं.

त्या वर्षात मी सोमाजींच्या तलावावर आणखी दोनदा गेले. पुढे मुलींना छत्तीस वर्षं शिकवलं, बरेच देश पाहिले, त्यांची वर्णनं याच ब्लॉगवर आहेत. पण कुठल्या प्रवासाने मला सरळ केलं म्हणाल तर त्या पाच दिवसांच्या. त्याने मी काही हरिश्चंद्र झाले नाही. फक्त एखादी गोष्ट न बघता छातीठोक सांगायला तोंड उघडलं की आधी स्वतःलाच विचारते, 'हे स्वतः पाहिलंत?' तुम्ही जाल तेव्हा तुडुमापाशी घटकाभर बसा. पाणी निवेपर्यंत उठू नका, आणि मोठीच्या मागे लागू नका.

पुढच्या वर्षी प्रबंध घेऊन नागपूरच्या महाल भागातल्या बाइंडरकडे गेले. पहिला होता शंभरावर पानांचा. हा एकतीस. त्याने तो दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिला.

"बाई, एवढ्याशाले पुठ्ठा कायले? टाचणी मारून देतो ना."

"पुठ्ठाच घाला," मी म्हटलं. "आणि वर माझं नाव, सोनेरी अक्षरात."